मराठवाड्याची ऐतिहासिक कादंबरी आणि एआय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्याच्या इतिहासावर कादंबरी लिहायला घेतलेली मंडळी भेटली की हल्ली एआयचा विषय निघतोच. बहुतेक जण नोकरी किंवा शेती सांभाळून लिहितात, ग्रंथालय लांब असतं आणि मोबाइलमधला चॅटबॉट हाताशी असतो. त्यांनी वेळोवेळी विचारलेले प्रश्न आणि मला सुचलेली उत्तरं इथं एकत्र केली आहेत. मी स्वतः निजामी राजवटीच्या अखेरच्या वर्षांवर लिहितो आहे, त्यामुळे उदाहरणं जास्त करून त्याच काळातली आहेत.

एआयला सांगून सगळी कादंबरी लिहून घेता येईल का?

पानं भरून मिळतील. पण त्या पानांत काय असेल ते आधी समजून घ्या. ही मॉडेल्स अफाट मजकुरावर शिकलेली असतात आणि आधीच्या शब्दांवरून पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त आहे ते ठरवत जातात. ज्या विषयावर पुष्कळ लिहिलं गेलंय, तिथं त्यांचं बरं चालतं. शिवकाल आणि पेशवाई यांवर मराठीत ढीगभर मजकूर आहे. हैदराबाद संस्थानातल्या मराठी मुलखाबद्दल त्या मानानं फार थोडा. संस्थानाचा कारभार आधी फारसीत आणि १८८४ नंतर उर्दूत चालला, गावपातळीवरचे कागद मोडी लिपीत राहिले, आणि उरलेलं सगळं म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी. त्यातलं बरंचसं अजून कुणी टाइपसुद्धा केलेलं नाही.

जे कुणी लिहिलंच नाही ते यंत्राला ठाऊक असण्याचं कारण नाही. आणि मराठवाड्यावर लिहिणाऱ्याचं काम नेमकं त्या न लिहिलेल्या भागात आहे. मला या पानावर सांगायचंय ते मुख्यतः एवढंच. बाकीची उत्तरं त्याचाच तपशील समजा.

पण वाचायला तर छान वाटतं. चुकतं कुठे?

एक नमुना दाखवतो. एका चॅटबॉटला मी सांगितलं की १७ सप्टेंबर १९४८ च्या, म्हणजे निजामानं भारतीय फौजेपुढं शरणागती पत्करली त्या रात्री लातूरजवळच्या खेड्यातलं एक घर रंगव. आलेला मजकूर असा होता :

‘अमावास्येच्या काळोखात लातूर जिल्ह्यातलं ते छोटंसं गाव भीतीनं थिजलं होतं. सोयाबीनच्या शेतातून तलाठी धावत आला. त्याच्या हातात कलेक्टर साहेबांचा हुकूम होता. आजीनं दिवा विझवला, आणि तिच्या डोळ्यांत स्वातंत्र्याची पहाट चमकली.’

आता हे ओळीनं तपासू. त्या रात्री अमावास्या नव्हती. तो शुक्रवार होता आणि तिथी भाद्रपद शुद्ध चतुर्दशी, म्हणजे अनंत चतुर्दशी. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. पावसाळी ढग असतील तर असतील, पण त्यांच्या मागं जवळजवळ पूर्ण चंद्र होता. लातूर जिल्हा १९८२ साली झाला. १९४८ साली लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. सोयाबीन आपल्याकडे फार नंतर आलं. त्या सप्टेंबरात शिवारात खरिपाची ज्वारी, तूर, कापूस, अंबाडी असणार. निजामी मुलखात गावाचा हिशेब पटवारी ठेवायचा, तलाठी नव्हे. आणि जिल्ह्याचा मुख्य अधिकारी तालुकदार. कलेक्टर हे पद इंग्रजी मुलखातलं.

या सगळ्या चुका पंचांग, गॅझेटिअर आणि एखादा जाणता माणूस यांच्या मदतीनं दुरुस्त होतील. शेवटचं वाक्य मात्र तसं दुरुस्त होत नाही. डोळ्यांत पहाट चमकणारी आजी शेकडो पुस्तकांतून आणि भाषणांतून आलेली आहे, कुठल्या एका घरातून आलेली नाही. त्या रात्री त्या बाईला काय वाटलं असेल? मुलगा निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या कॅम्पात गेलाय, त्याचा पत्ता नाही. धान्याचं पेव उघडं पडलंय. आणि मागच्या दारी शेजारची मुसलमान बाई लेकरं घेऊन उभी आहे, तिला आत घ्यावं की न घ्यावं? हा शेवटचा प्रश्न पडला की कादंबरी सुरू होते. तो यंत्रानं आपणहून विचारलेला मी अजून पाहिलेला नाही.

तारखा आणि सनावळी तरी विचाराव्यात का?

विचारा, पण पडताळल्याशिवाय वापरू नका. सगळ्यात जास्त गोंधळ फसली सनाचा, म्हणजे महसुली कालगणनेचा, होतो. निजामी कागदावर फसली १३५७ लिहिलेलं असेल, तर तो काळ ऑक्टोबर १९४७ ते सप्टेंबर-ऑक्टोबर १९४८ असा आहे. हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं आणि महिन्यांची नावं आजूर, दै, बहमन अशी फारसी असायची. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबरच्या कागदाला ५९० मिळवायचे, पुढच्या महिन्यांना ५९१. एआय बऱ्याचदा हा आकडा हिजरी समजतं. हिजरी १३५७ म्हणजे १९३८. म्हणजे एका आकड्यापायी पोलीस कारवाईच्या, म्हणजे भारतीय फौजा संस्थानात शिरल्या त्या वर्षातला कागद तुम्ही दहा वर्षं मागं ढकलला.

पैशाचंही तसंच. संस्थानाचा रुपया हाली, इंग्रजी मुलखातला कलदार. शंभर कलदारला सुमारे ११६ हाली पडायचे. बार्शीच्या किंवा सोलापूरच्या बाजाराला जाणारा तुमचा माणूस हा फरक मनातल्या मनात करतच असणार.

आणखी एक. ‘१७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्त झाला’ हे दिनविशेषासाठी ठीक आहे. निजामानं त्या संध्याकाळी शरणागती जाहीर केली. पण सोलापूरकडून आलेल्या फौजेनं नळदुर्ग १३ तारखेलाच घेतलं होतं. म्हणजे प्रत्येक गावाची मुक्ती वेगळ्या दिवशी, वेगळ्या तासाला झाली. कादंबरीतलं गाव कोणत्या रस्त्यावर आहे ते आधी ठरवा, मग तारीख लिहा.

मूळ कागद कुठं मिळतील? मोडी आणि उर्दू येत नसेल तर?

छत्रपती संभाजीनगरला पुराभिलेख विभागाचं कार्यालय आहे. निजामी दप्तराचा मोठा भाग हैदराबादला तेलंगणाच्या पुराभिलेखागारात आहे. शहाजहान आणि औरंगजेब यांच्या काळातले दख्खनचे हजारो फारसी कागदही तिथंच आहेत. गाव समजून घ्यायचं तर तहसिलातलं खासरा पत्रक पाहा. ते पन्नाशीच्या दशकातलं, म्हणजे थोडं नंतरचं आहे. पण कोणत्या गटात कोण कसत होतं, विहीर कुठं, पीक काय, हे एका कागदावर दिसतं. १८८४ चं औरंगाबाद जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटिअरही वाचा. त्यातली बाजारगावं, जत्रा आणि रस्ते यांची माहिती कादंबरीकाराला सोन्यासारखी आहे.

मोडी शिकाच, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी शिंदे समिती नेमली गेली, कचेऱ्यांमधली जुनी दप्तरं उघडली गेली, आणि मोडी-उर्दू वाचणारी माणसं किती कमी उरली आहेत ते सगळ्यांना कळलं. त्यानंतर मोडीच्या वर्गांना पुष्कळ तरुण येऊ लागले, ही मला फार आनंदाची गोष्ट वाटते.

हस्ताक्षर वाचणारे संगणकीय प्रयोग मोडीवरही सुरू आहेत. पण साध्या चॅटबॉटला मोडी कागदाचा फोटो दिला, तर तो न लागलेलं अक्षर सोडून देत नाही, तिथं शोभेलसा शब्द बसवतो. जाणकार माणूस ‘हे अक्षर लागत नाही’ म्हणून थांबतो. दस्तऐवजाच्या बाबतीत ते थांबणं फार मोलाचं आहे. उर्दूसाठी एआय बरीच मदत करतं, विशेषतः छापील मजकूर असेल तर. शिकस्ता वळणाचं, म्हणजे घाईनं लिहिलेलं धावतं हस्ताक्षर असेल तर गावातल्या एखाद्या निवृत्त उर्दू मास्तरांकडे जा. ते कागद वाचतील आणि कागदाबाहेरच्या दहा गोष्टी सांगतील.

लोकांच्या मुलाखती घ्यायच्या आहेत. रेकॉर्डिंग एआयकडून लिहून घेतलं तर चालेल का?

चालेल. पहिला कच्चा खर्डा त्यानं करावा, वेळ वाचतो. पण नंतर कान देऊन ओळन्‌ओळ पुन्हा ऐका. यंत्र बोलीतलं वाक्य प्रमाण मराठीत आणून ठेवतं, अडखळणं गाळतं आणि बोलणारा गप्प झाला ती जागा पुसून टाकतं. रझाकारांबद्दल, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांबद्दल बोलताना एखादी आजी मधेच थांबते आणि ‘जाऊ दे बाबा’ म्हणते. खर्ड्यात ते ‘जाऊ दे’ कधी कधी राहतसुद्धा नाही.

१९४८ साली दहा वर्षांची असलेली माणसं आज नव्वदीच्या घरात आहेत. पुढच्या वर्षी जाऊ असं म्हणू नका. आणि रेकॉर्डिंग कुठल्याही ॲपवर चढवण्याआधी त्या घरच्यांना विचारा. त्यांनी ते तुम्हाला सांगितलेलं असतं, परक्या कंपनीला नाही.

बायकांचा इतिहास हवा असेल तर जात्यावरच्या ओव्या ऐका. ‘परी’च्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर एक लाखाहून जास्त ओव्यांचा संग्रह आहे, त्यात मराठवाड्यातल्या बायकांच्या ओव्याही आहेत. माजलगावच्या बायकांनी गायिलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या ऐकल्यावर त्या काळाकडे बघण्याची माझी नजरच बदलली.

१९४८ वर लिहिताना कुणाची बाजू घ्यावी? एआय तर फार समतोल लिहून देतं.

हा या पानावरचा सगळ्यात अवघड प्रश्न आहे.

रझाकारांचे अत्याचार खरे आहेत. १९४६ साली बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ गोविंदराव पानसऱ्यांना मारलं गेलं, तिथपासून पुढची दोन वर्षं गावोगाव लूट आणि जाळपोळ झाली. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचाच वकील, म्हणजे हे बाहेरून आलेलं संकट नव्हतं. मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ आणि त्यांच्याबरोबरची हजारो साधी माणसं लढली, तेही खरं. आणि पोलीस कारवाईनंतर मुसलमान वस्त्यांवर जे झालं तेही खरं. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं २७ ते ४० हजार माणसं मेल्याचा अंदाज मांडला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. तो अहवाल कितीतरी दशकं लोकांसमोर नव्हता. २०१३ मध्ये तो बघायला मिळाला.

एआयला विचारलं तर ते ‘दोन्ही समाजांना यातना सोसाव्या लागल्या’ अशा धर्तीचं वाक्य देतं. वाक्यात खोटं काही नाही. पण ते कुणाच्याच घरात शिरत नाही. कादंबरीकारानं दोन्ही पारड्यांत सारखं वजन टाकत बसू नये. ज्याच्या बापाला रझाकारांनी मारलं तोच मुलगा सप्टेंबरात शेजाऱ्याच्या दारात कुऱ्हाड घेऊन उभा राहिला असेल, तर त्याच्या हातापर्यंत जावं लागतं. तो राग लेखकाला समजला पाहिजे आणि दाराआडची भीतीसुद्धा. हे लिहिताना झोप उडते. यंत्राला कुणाचा राग सोसायचा नसतो, गावात परत जायचं नसतं, त्या दोन्ही घरांचा चहा प्यायचा नसतो. तुम्हाला जायचं असतं, आणि त्यानंच वाक्याला जबाबदारी येते.

पुष्कळ चॅटबॉट हिंसेचं वर्णन टाळतात किंवा सौम्य करतात. एखादं प्रकरण लिहिताना ते मऊ पडतंय असं वाटलं तर तुमच्या वहीतली टिपणं पुन्हा काढा.

बोलीतले संवाद एआयला जमतात का?

नाही. ‘लय’ आणि ‘व्हय’ पेरून ते सगळ्या महाराष्ट्राची एकच ग्रामीण बोली करून टाकतं. उदगीरचा माणूस ‘काय करूलालास?’ म्हणतो, पैठणचा तसं म्हणत नाही. सरहद्दीला कन्नड आणि तेलुगूचं वळण येतं, बाजारात दखनी उर्दूचं. संवाद कानानंच लिहावे लागतात. बसस्टँडवर, आठवडी बाजारात, तेराव्याच्या जेवणावळीत बसा.

मला यादवकाळावर किंवा मलिक अंबरवर लिहायचंय. तिथं तर साक्षीदारच नाहीत.

तिथं कल्पनेला जागा जास्त, म्हणून शिस्तही जास्त लागते. यादवकाळासाठी महानुभावांचं लीळाचरित्र हाताशी ठेवा. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी माणसामाणसांकडून गोळा केल्या. तेराव्या शतकातली माणसं काय खात होती, गोदाकाठानं कशी चालत होती, एकमेकांशी कोणत्या शब्दांत बोलत होती, हे तिथं दिसतं. इतकी जिवंत साधनं फार थोड्या भाषांना लाभली आहेत. सातवाहनांवर लिहिणाऱ्यानं पैठण आणि तेर दोन्ही पाहावीत. या दोन्ही बाजारपेठांची नावं पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारवर्णनात आहेत, आणि तेरच्या संग्रहालयात मातीच्या लहान लहान वस्तू पाहताना त्या काळचं घर डोळ्यांपुढं उभं राहतं.

मलिक अंबरासाठी संभाजीनगरची नहर पाहा. १६१० साली त्यानं खडकी, म्हणजे आजचं संभाजीनगर, वसवली आणि जमिनीखालून पाणी खेळवलं. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता झाला, दिल्लीच्या फौजांना त्यानं वर्षानुवर्षं झुंजवलं, आणि १६२६ मध्ये गेला. कबर खुलताबादला आहे. त्याच्या लढायांबद्दल एआय भरभरून सांगेल. नहरीच्या मनोऱ्याजवळ उभं राहून पाण्याचा उतार समजून घेणं तुमच्या पायांचं काम.

मुखपृष्ठ एआयकडून करून घ्यावं का?

घेतलंत तर निदान इतिहास तपासा. यादवकाळातली देवगिरी मागितली की चित्रात चांद मिनार हटकून येतो. तो बहामनी काळातला, पंधराव्या शतकाच्या मध्याचा, म्हणजे यादव राजा रामदेवरायानंतर शंभराहून जास्त वर्षांनी बांधलेला. माझं मत विचाराल तर आपल्याकडे उत्तम चित्रकार आहेत आणि त्यांना काम मिळायला हवं.

मग एआय वापरायचं तरी कशाला?

टेबलावरच्या कामाला. माझ्या कादंबरीत माणसं पुष्कळ आहेत. कुणाचं वय कोणत्या प्रकरणात किती, कोण कुठल्या गावी होतं, कोणती बैलजोडी कधी विकली, हे जुळवायला त्याची चांगली मदत होते. इंग्रजी अहवालाचा गोषवारा, अनोळखी विषयाची पहिली तोंडओळख, कुठली साधनं धुंडाळावीत याच्या सूचना, याही ठीक. पुस्तकाचं नाव सुचवलं तर ते खरोखर आहे का ते बघा, कारण नसलेली पुस्तकंही ते ठामपणे सांगतं.

आणखी एक उपयोग मला फार आवडतो. लिहून झालेलं प्रकरण त्याला द्यायचं आणि ‘यातली कोणती वाक्यं ठरीव वाटतात?’ असं विचारायचं. ठरीव गोष्टी ओळखण्यात ते तरबेज आहे. दुरुस्ती मात्र त्याच्याकडून करून घेऊ नका, नाहीतर एक साचा काढून दुसरा बसतो.

एआय सर्जनशील आहे का?

कधी कधी ते आश्चर्य वाटेल अशी उपमा देतं, हे मान्य करायला हवं. जपानमध्ये २०२४ च्या जानेवारीत अकुतागावा पारितोषिक मिळालेल्या लेखिकेनं कादंबरीचा सुमारे पाच टक्के भाग चॅटजीपीटीच्या वाक्यांचा असल्याचं सांगितलं. तिच्या कथेत एआयच बोलतं, तिथं ती वाक्यं वापरली होती. मला तो वापर योग्य वाटतो, कारण कुठं, का आणि किती हे तिनं ठरवलं होतं.

हजार शक्यतांतून एक निवडणं आणि बाकीच्या नाकारणं, त्यासाठी स्वतःचं काहीतरी पणाला लावणं, याला मी सर्जन म्हणतो. शक्यता यंत्र हव्या तेवढ्या देईल. निवडीमागं मात्र तुमचं गाव, तुमची जात, तुमच्या घरात न बोललेली गोष्ट, हे सगळं असतं.

कॉपीराइट कुणाचा? प्रकाशकाला सांगावं लागतं का?

आपल्या १९५७ च्या कायद्यात संगणकानं निर्माण केलेल्या कृतीचा लेखक म्हणजे ती निर्माण करवणारी व्यक्ती, अशी व्याख्या आहे. पण ती आजच्या एआयच्या कितीतरी आधीची आहे, त्यामुळे तिच्यावर विसंबू नका. किंडलवर स्वतः प्रकाशित करत असाल तर एआयनं तयार केलेला मजकूर असल्याचं २०२३ पासून कळवावं लागतं. बाकी प्रकाशकांनी विचारलं नाही तरी त्यांना स्पष्ट सांगा.

सुरुवात कुठून करू?

एक गाव निवडा आणि एक फसली वर्ष. त्या गावाचं खासरा पत्रक मिळवा, त्या वर्षाचं जुनं पंचांग शोधा. गावातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला भेटा आणि ‘स्वातंत्र्याबद्दल सांगा’ असं म्हणू नका. त्यावर भाषणच मिळतं. त्या वर्षी ज्वारी कशी होती, सरकारच्या सक्तीच्या धान्यवसुलीत, म्हणजे लेव्हीला, किती गेली, घरात दागिने कुठं पुरले होते, सोयरे कुठल्या गावी पळून गेले, परत आल्यावर घराचं काय झालेलं होतं, असं विचारा. दोन-तीन घरांच्या अशा वह्या भरल्या की पहिलं प्रकरण हातानं लिहा. एआय त्यानंतर उघडा, आणि पहिलं काम म्हणून वयं आणि तारखा जुळतात का तेवढं तपासायला सांगा.